लेसची शाल सुईवर फडक्यासारखीच दिसते, उसवायच्या आधी टाके मोजा

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईच्या साठीला द्यायला त्यांनी पहिल्यांदाच लेसची, म्हणजे जाळीदार विणीची, शाल विणायला घेतलीय, वरून सुरू होऊन खाली रुंद होत जाणारी त्रिकोणी, पॅटर्न एका अमेरिकन व्हिडिओतला. ७ टाक्यांपासून सुरुवात, एकूण १२० ओळी. तीनदा उसवून चौथ्यांदा ४० ओळींपर्यंत आल्यात, आता सुईवर ८४ टाके आहेत आणि डिझाइन जुळत नाहीये, आणि वर "फोटोतली शाल कशी उघडलेली जाळीदार दिसते, माझी म्हणजे चुरगळलेलं फडकं". सुई ६ नंबर, लोकर इथल्याच दुकानातली. लोकर चुकली, सुई चुकली का माझा हातच नाही या कामाचा, सोडून देऊ का, असं विचारलंय.

मी साताऱ्यात राहते, पस्तीसेक वर्षं विणतेय आणि त्यातली निम्मी वर्षं घरीच क्लास घेतेय, त्यामुळे हे असं रडकुंडीला आलेलं विणकाम पिशवीत कोंबून दारात उभ्या राहिलेल्या बायका मी भरपूर बघितल्यात. ताई, तुम्ही एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न विचारलेत आणि ते एकत्र झाल्यामुळे तुम्ही घाबरलाय. टाके जुळत नाहीत ही चूक आहे आणि ती सापडते. फडक्यासारखं दिसतंय ही चूक नाहीच, लेस सुईवर असताना तशीच दिसते, माझीही तशीच दिसते. दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यासमोर आल्या की माणूस उसवत सुटतं.

आधी टाक्यांचं बघू. तुमच्या पॅटर्नमध्ये प्रत्येक सुलट ओळीत ४ टाके वाढतात, दोन कडांना एकेक आणि मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक. उलट ओळीत काही वाढत नाही. म्हणजे ४० ओळींत २० सुलट ओळी, वीस चोक ऐंशी, अधिक सुरुवातीचे ७, झाले ८७. तुमच्याकडे ८४ आहेत. म्हणजे ३ कमी. आता हे ३ कुठे गेले ते शोधायला सगळी शाल बघायची गरज नाही. कडेचे २ टाके, मग एक अर्धा भाग, मग मधला १, मग दुसरा अर्धा भाग, मग कडेचे २, असा हिशेब मांडला तर प्रत्येक अर्ध्या भागात ४१ टाके हवेत. मोजा. एका बाजूला ४१ आणि दुसरीकडे ३८ निघाले तर एक अख्खी बाजू तुमची बरोबर आहे, तिला हातही लावायचा नाही. दोन्हीकडे कमी असतील तर मग चूक बहुतेक मधल्या टाक्यापाशी होतेय.

लेसमधली जाळी म्हणजे काय, लोकर पुढे घेतली की सुईवर एक नवा वेढा येतो, त्याचं भोक पडतं, आणि वाढलेला टाका कमी करायला जवळपास कुठेतरी दोनाचा एक करायचा. बस, एवढंच आहे हो सगळं, भोक आणि जोडी. कडांना आणि मधल्या टाक्यापाशी मात्र नुसतं भोक असतं, जोडी नसते, म्हणून तिथे शाल रुंद होते. त्यामुळे टाके कमी येतायत याचा अर्थ बहुतेक वेळा लोकर पुढे घ्यायची राहिली, आणि नवशिक्यांची ती राहते तीन ठिकाणी. एक, ओळीच्या अगदी शेवटी कडेच्या दोन टाक्यांच्या आधी, कारण ओळ संपत आली की हात धावायला लागतो. दुसरं म्हणजे मधल्या टाक्यापाशी, कारण तिथे मधला टाका ओळखायला सुईवर घातलेली मार्करची कडी असते आणि लोकरीचा वेढा त्या कडीखालून पलीकडे सरकतो, मग तुम्हाला मधला टाका नक्की कोणता हेच कळेनासं होतं. याला उपाय सोपा, कडी वापरूच नका, मधल्या टाक्यातच एक लहान सेफ्टी पिन लावा आणि दर दहा ओळींनी ती वर सरकवा. आणि तिसरं ठिकाण उलट ओळ. वेढा असा सैल लोंबकळत असतो की तो गळलेला टाका वाटतो आणि बाई त्याला शेजारच्याबरोबर एकत्र विणून मोकळी होते, किंवा सुईवरून खाली सोडते. माझ्या क्लासमधल्या निम्म्या चुका या तिसऱ्या प्रकारच्या असतात.

म्हणून मी सांगते की मोजायचं ते उलट ओळीत. सुलट ओळीत डोकं पॅटर्नमध्ये असतं, तिथे मोजायला जाल तर दोन्ही चुकेल. उलट ओळ म्हणजे विश्रांतीची ओळ, नुसते उलट टाके, टीव्ही बघत पण होते, तेव्हा विणता विणताच मोजायचं, अर्धा भाग संपला की थांबून आकडा आठवायचा. माझ्या सासूबाई ओळीला ओळ न म्हणता सुईच म्हणायच्या, "चार सुया झाल्या की एकदा मोज". मला तेव्हा ती कटकट वाटायची.

चूक सापडली तर काय करायचं हे ती किती खाली आहे त्यावर आहे. आत्ताच्याच ओळीखालची असेल तर दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि विणा, भोक जरा लहान पडेल पण शाल ताणल्यावर ओळखू येत नाही. कडेला राहिलेली असेल आणि बरीच खाली असेल तरी मी उसवत नाही, वरच्याच ओळीत तिथे एक जास्तीचा टाका वाढवते, आकडा जुळला की काम झालं, साठीच्या दिवशी कडेचं एक भोक कोणी मोजत नाही. पण डिझाइनच्या पोटात राहिलेली असेल तर मात्र तिथून पुढचं सगळं एक टाका सरकलेलं असतं, आणि ते दिसतं, डोळ्याला खुपतं. ओळखायचं कसं, शाल सपाट धरा आणि दोनाचा एक केलेल्या टाक्यांच्या रेघा वरून खाली बघत या, रेघ जिथे तुटते तिथे चूक. तिथपर्यंत उसवावंच लागेल.

आणि उसवायची इतकी भीती का वाटतेय ते मला कळलंय, तुम्हाला वाटतंय १२० पैकी ४० ओळी म्हणजे तिसरा हिस्सा काम पाण्यात. तसं नाहीये. त्रिकोणी शाल वर अरुंद असते ना. पहिल्या ४० ओळींत मिळून साधारण १,८८० टाके विणले जातात, आणि पूर्ण १२० ओळींत १५,२४० (शेवटच्या ओळीत २४७ टाके असतील तुमच्या सुईवर). म्हणजे तुमचं जेमतेम आठवा हिस्सा काम झालंय. हे ऐकून आनंद मानायचा का दुःख ते तुम्ही ठरवा, पण उसवायचं असेल तर आत्ताच, ९० व्या ओळीला नाही.

चौथ्यांदा मुळापासून उसवायला लागू नये म्हणून लाइफलाइन टाका. नाव इंग्रजी आहे, गोष्ट साधी आहे. दर १० ओळींनी, उलट ओळ पूर्ण झाली आणि आकडा बरोबर आला की बोथट सुईत क्रोशाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून आरपार न्यायचा आणि दोन्ही टोकं लांब लोंबती सोडायची. पुढे काही बिघडलं तर बिनधास्त सुई काढा, उसवा, त्या दोऱ्यापाशी येऊन सगळं थांबतं, टाके दोऱ्यावर झोपलेले असतात, परत सुई घाला. दोरा वेगळ्या रंगाचा पण फिकाच घ्या, मी एकदा लाल घेतला होता आणि पांढऱ्या शालीला कुंकवाचा हात लागल्यासारखं झालं. आणि दोरा ओवताना कड्या नाहीतर सेफ्टी पिनमधून नेऊ नका, अडकून बसतात.

आता सुई. इथे एक घोळ आहे जो बहुतेक तुमचाही झालाय. आपल्याकडच्या दुकानात सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, त्यांची ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. तुमच्या व्हिडिओत ६ सांगितली असेल आणि तुम्ही साताऱ्याच्या मोती चौकात काय किंवा कराडात काय, जाऊन ६ मागितली असेल, तर तुमच्या हातात एक मिलिमीटर जाड सुई आली. घाबरू नका, लेसला जाड सुई चालते, उलट बऱ्याचदा लागतेच, वीण सैल हवी असते. फक्त शाल जरा मोठी होईल आणि लोकर जास्त खाईल. यापुढे नंबर सोडा, मिलिमीटरच विचारा. आणि सरळ सुया असतील तर पुढे अडीचशे टाके त्यावर कोंबले जातील, कडेचे पटापट गळतील, तेव्हा ८० सेंटिमीटरची गोल सुई आणा, म्हणजे मध्ये लवचिक वायरने जोडलेली सुयांची जोडी. अॅल्युमिनियमच्या सुईवरून सिंथेटिक लोकर घसरते, बांबूची जरा धरून ठेवते, पण हे ज्याच्या त्याच्या हातावर आहे, माझा हात घट्ट आहे म्हणून मला धातूचीच बरी वाटते.

लोकर पुरेल का हेही बघून ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर गुंडा आत्ता तोला, आतापर्यंत किती ग्रॅम गेली ते काढा, त्याची आठपट म्हणजे पूर्ण शाल, वर दहा टक्के टाके बंद करायला. दहा ग्रॅम गेली असेल तर नव्वदेक धरा. कमी पडणार असेल तर आजच जाऊन आणा, आणि लेबलवरचा लॉट नंबर तोच बघा, पांढऱ्यातसुद्धा दोन पांढरे असतात.

आता खरा मुद्दा, फडकं.

लेस विणून झाल्यावर ती ओली करून ताणून पिना लावून वाळवायची असते, याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि फोटोतली शाल आणि तुमची शाल यातला सगळा फरक तिथे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या शाली इतक्या तलम की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते म्हणतात, त्या शालीही धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचे, चौकटीवरून उतरेपर्यंत त्या बायकांनाही चुरगळलेलंच दिसत असणार. तेव्हा सुईवरच्या वस्तूवरून निकाल लावूच नका.

पण, आणि हा पण मोठा आहे, ब्लॉकिंग कसं करायचं हे लोकरीवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच. मेंढीच्या लोकरीला ओलं करून ताणलं की वाळताना ती तो आकार धरून ठेवते. दुकानातली बेबी सॉफ्ट वगैरे बहुतेक अॅक्रिलिक असते, ती कितीही भिजवा, पिना काढल्या की परत गोळा. लेबल बघा. लेबल फेकलं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरा होणारी राख राहिली तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर अॅक्रिलिक, तो मणी लगेच हातात धरू नका, चटका बसतो. दोन्हीची भेसळ असेल तर थोडं हे थोडं ते दिसेल, मग अॅक्रिलिकच समजून वागा.

लोकर निघाली तर कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवा, रिठ्याचं पाणी असेल तर उत्तम, पण चोळायचं नाही, पिळायचं नाही, गरम पाणी नाही, नाहीतर ती आटून नमदा होते. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि गादीवर स्वच्छ चादर टाकून आधी मधली रेघ, मग वरची कड, मग खालची टोकं असं ताणत पिना लावा. पिना स्टेनलेसच्याच, गंजाचा डाग जात नाही. वरच्या सरळ कडेसाठी मी वेल्डिंगवाल्याकडून स्टेनलेसच्या बारीक सळ्या आणल्यात, मीटरभर लांब असतात, कडेतून ओवल्या की शंभर पिना वाचतात. पूर्ण वाळेपर्यंत काढायचं नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये हे चार तासांत होतं, पावसाळ्यात साताऱ्यात दोन दिवस पंख्याखाली ठेवून पण दमटच राहते, तो हिशेब तारखेत धरा.

अॅक्रिलिक निघाली तर वाफ द्यावी लागते. कोरडीच ताणून पिना लावायच्या, वर ओलं मलमलचं फडकं, आणि इस्त्री दोन बोटं वर, टेकवायची नाही. वाफेने धागा मऊ पडतो आणि पसरतो तो कायमचाच, परत पूर्वीसारखा होत नाही, म्हणून आधी तुकड्यावर करून बघा. मी हे कसं शिकले ते सांगते. नणंदेच्या बाळंतविड्यात द्यायला मी पिवळी शाल विणली होती, दोन महिने खपून, मोरपिसाची वीण, म्हणजे १८ टाक्यांचा तो प्रकार, तीन वेळा दोनाचा एक, मग सहा वेळा लोकर पुढे एक सुलट, परत तीन वेळा दोनाचा एक. सगळं छान झालं आणि आदल्या रात्री मी तिच्यावर सरळ इस्त्री फिरवली. जिथे इस्त्री टेकली तिथे चकचकीत चपटी पट्टी, प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथसारखी, आणि जळका वास. बाळंतविड्यात शेवटी टोपडं आणि मोजेच गेले. ती शाल अजून माझ्याकडे आहे, क्लासमध्ये दाखवायला.

काही जणी म्हणतात मग आपल्या मातीतलीच खरी लोकर घ्या ना, माणदेशात एवढ्या मेंढ्या आहेत. तेही करून झालंय. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, राठ, तिची घोंगडी होते आणि फार छान होते, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस अडवते, पण ती मागावर विणतात. मी त्या सुताची हातभर जाळी विणून बघितली, गळ्याभोवती घेतली तर खाजेने पाच मिनिटांत काढून ठेवली. आपल्या भाषेत मागावरचं पण विणणंच आणि सुईवरचं पण विणणंच, म्हणून हा घोळ होतो, पश्मिनासारखी शाल सुईवर शिकवा म्हणून पण बायका येतात, ती काश्मिरात मागावर होते, सुईचं कामच नाही ते.

तर सोडून देऊ का याचं माझं उत्तर लोकरीवर नाही, तारखेवर आहे. उरलेत १३,३६० टाके. लेस नवीन असताना मिनिटाला १२ ते १५ टाके होतात, म्हणजे साधारण १५ ते साडेअठरा तास. रोज तासभर बसलात तर तीन आठवड्यांच्या आत, आणि दोन दिवस ताणून वाळवायला. साठीला तेवढे दिवस असतील तर शाल होते. नसतील तर ओळी कमी करा, ९० ओळींच्या आसपास डिझाइनचा एक नमुना पूर्ण होत असेल तिथे थांबा, ते काम १२० च्या निम्म्याहून थोडंसंच जास्त असतं, आईंच्या खांद्यावर ती पण छान बसेल.

एक शेवटचं, टाके बंद करताना नेहमीसारखे घट्ट बंद करू नका, नाहीतर वरची सगळी मेहनत करून खालची कड ताणलीच जाणार नाही आणि शाल वाटीसारखी होईल. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, झालेला एक टाका परत डाव्या सुईवर घ्या, पुढच्याबरोबर परत एकत्र, असं शेवटपर्यंत, आणि एवढ्यापुरती सुई एक मिलिमीटर जाड घ्या. दोन्ही अर्ध्या भागांचे टाके मोजून किती आले आणि काडी लावल्यावर राख झाली का मणी, एवढं मला कळवा, मग उचलायचं का उसवायचं ते नक्की सांगते.